मधुकाकांची सांगायची राहिलेली पेनल्टी

मंडळी, बसा. मागच्यांनीही बसा, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेला आलं की सगळ्यांना दाराजवळच उभं राहायचं असतं. या, पुढे या. हॉल पाचपर्यंतच आपला आहे. नंतर कुणाच्या तरी मुलीचा वाढदिवस आहे. ती माणसं फुगे घेऊन बाहेर येऊन थांबलीसुद्धा.

शुभांगी, तू रडू नकोस असं मी म्हणणार नाही. वडील गेलेत तुझे. रड.

मला आज बोलायला अवघड जातंय. हसू नका. वानखेडे, तुम्ही तर हसूच नका. पन्नास वर्षांत मला बोलायला कधी अवघड गेलं नाही, हे प्लेनोतल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. पण आज जातंय. म्हणून लिहून आणलंय. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर पहिल्यांदाच एवढं लिहिलं. आमचा नितीन म्हणाला, "आई, मी टाइप करून देतो." म्हटलं, नको. यात काय आहे ते तुला आधी कळायला नको. तर नितीन, तू तिथेच बस. मध्ये उठून जायचं नाही.

माझ्याआधी तिघं बोलले. चांगलं बोलले. एकाने मधुकाकांना अजातशत्रू म्हटलं. अहो, कुठले अजातशत्रू? या हॉलमधल्या प्रत्येकाला त्या माणसाने चूक दाखवायला पिवळा रुमाल फेकून एकदा तरी फ्लॅग मारलाय. तुम्हालाही मारलाय, जोशी. मंडळाच्या पॉटलकला, सगळ्यांनी आणलेल्या डब्यांच्या लाइनीत पाच गुलाबजाम घेतलेत म्हणून मारलाय. मी मागेच उभी होते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, पण खोटं कशाला? त्यांना खोटं चालायचं नाही.

ह्यूस्टनहून आलेल्या पाहुण्यांना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. मधुकाका कराडला शाळेत पीटीचे मास्तर होते आणि कबड्डीचे पंच होते. रिटायर झाल्यावर इथे अमेरिकेत, प्लेनोला लेकीकडे आले. लेक आणि जावई दिवसभर ऑफिसात. यांना गाडी येत नाही, आणि इथे पायी जाण्यासारखं काही नाही. घरात टीव्ही होता. टीव्हीवर हे अमेरिकन फुटबॉल. पाय क्वचित लागतो, सगळं हातानेच, तरी फुटबॉल. काका टीव्हीचा आवाज बंद करून बघायचे. मी एकदा विचारलं, "काका, कोण जिंकतंय?" म्हणाले, "मला काय माहीत? मी पंच बघतोय." तीन वर्षं त्या माणसाने फक्त पंच बघितले. बॉल कुठे गेला ते त्यांना कधी दिसलंच नाही. पण कुणी कुणाला मागून ढकललं, कुणी बॉल तोंडावर फेकला, कुणी जिंकल्यावर समोरच्यापुढे कंबर हलवली, ते सगळं पाठ.

मग आपल्या मुलांनी शाळेच्या मैदानावर शनिवारची मॅच सुरू केली. एकीकडे पुणे-मुंबई, दुसरीकडे नागपूर. सात-सात जण. पाडापाडी नाही, नुसतं शिवायचं, कारण सोमवारी सगळ्यांना ऑफिसला जायचं असतं आणि निम्म्यांची कंबर आधीच दुखत असते. काका पहिल्याच शनिवारी हजर. अंगात दुकानातून आणलेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, वर स्वेटर, खाली पांढरी हाफ पँट आणि गुडघ्यापर्यंत मोजे. गळ्यात कराडची शिट्टी. कुणी बोलावलं नव्हतं. मैदानात गेले आणि शिट्टी मारली. झाले पंच.

आणि तिथूनच भांडणं सुरू झाली.

कारण आपली मुलं खेळतात कमी आणि बोलतात जास्त. शिव्या कमी, टोमणे फार. पुण्याचा मुलगा पुढच्याला नीट "अहो" म्हणून असं काही बोलणार की शिवी परवडली. नागपूरचा तर बोलताना बॉलच विसरणार. इथल्या नियमात याला एक लांबलचक नाव आहे, मला ते धड म्हणता येत नाही. अर्थ एवढाच, की खेळात न शोभणारं वागणं. त्याची शिक्षा पंधरा यार्ड. म्हणजे अख्ख्या टीमने पंधरा यार्ड मागे जायचं.

काकांनी एक महिना तो नियम चालवला. मग एक दिवस माझ्याकडे आले. मी पोळ्या लाटत होते. मी मंडळाच्या पोळ्या करते, त्यामुळे माझ्या ओट्यासमोर स्टुलावर बसून बोलायला सगळ्यांना आवडतं. मला काही त्यांच्याकडे बघावं लागत नाही, आणि त्यांना पोळी मिळते. काका म्हणाले, "कुसुम, हा नियम अन्यायाचा आहे. बोलला एक, मागे गेले सात. आणि जो बोलला तो हसतोय."

मी म्हटलं, "मग हाकला त्याला बाहेर."

"सातच आहेत गं. एक हाकलला की खेळ संपला."

"मग सॉरी म्हणायला लावा."

काका म्हणाले, "सॉरी? इथे दुकानात धक्का लागला तर सॉरी, न लागला तरी सॉरी. ते म्हणायला लावून काय होणार?"

मी वैतागले. मला दीडशे पोळ्या करायच्या होत्या. म्हटलं, "काका, माझं डोकं खाऊ नका. वाढायला लावा त्याला सगळ्यांना, आणि सगळ्यात शेवटी जेवू दे." मी आपलं उगाच बोलले. पण काका स्टुलावरून उठले, अर्धी पोळी हातात घेऊन तसेच घरी गेले.

पुढच्या शनिवारपासून नियम झाला. जो वेडंवाकडं बोलेल त्याने समोरच्या टीमची पंगत वाढायची. अगदी गवतावर चादरी टाकून. ज्याला बोललास त्याच्या पानात आधी वाढायचं. वाकून वाढायचं. आणि समोरचा तीनदा "पुरे" म्हणेपर्यंत आग्रह करायचा. मगच स्वतः जेवायचं.

तुम्हाला आठवतंय ना? पहिला फ्लॅग जोशींनाच. काय तोंड झालं होतं! भात वाढताना चमच्यातली शितं मोजत होते. काकांनी शिट्टी मारली. "आग्रह कुठाय? पुन्हा वाढा!"

पण यातही घोळ झाला, आणि तो घोळ फक्त आपल्यालाच जमला असता. आपण जेवायचो हाफटाइमला. खेळाच्या मध्येच. आता जगात कुठली टीम मध्ये पंगत मांडून जेवते? पण अन्न गरम आहे तोवर खावं, असं माझंच म्हणणं होतं. तर या वानखेडेंनी काय करावं? सांगू का, वानखेडे? सांगतेच. हा माणूस मुद्दाम टोमणा मारायचा. फ्लॅग पडला की खूश. का? तर हाफटाइमला पुण्याच्या टीमला असा आग्रह, असा आग्रह! "घ्या हो, एक वाटी श्रीखंड, माझ्या गळ्याची शप्पथ." पुण्याची मुलं तीनदा "पुरे" म्हणायचीच नाहीत. फुकटचं श्रीखंड, का म्हणतील? दुसऱ्या हाफला सातच्या सात जण मैदानात उभे, पोटावर हात ठेवून. नागपूर चालत रेघेपलीकडे जाऊन टचडाउन करून यायचं. सलग तीन शनिवार!

काकांना चौथ्या शनिवारी कळलं. वानखेडेंना बाजूला घेऊन म्हणाले, "वानखेडे, शिक्षा भोगताना माणूस गाणं गुणगुणत असेल, तर चूक शिक्षेची आहे. तुमची नाही." आणि जेवण मॅचनंतर नेलं. वानखेडेंना त्या दिवसापासून नुसतं कडेला बसवलं, वाढायचं नाही, उठायचं नाही. कुणाला काही वाढता येत नाही म्हणून वानखेडे रडकुंडीला आले. ती त्यांची खरी शिक्षा.

मला तेव्हा समजलं की हा माणूस नुसता नियम करत नाही. प्रत्येकाला कुठे लागतं ते बघतो. आणि जेवढं लागायला हवं तेवढंच लावतो. एक दाणा जास्त नाही. पंगत उठली की विषय संपला. नंतर कुणी त्याच्यावरून चिडवलं, तर चिडवणाऱ्याला फ्लॅग.

आता कालच्या नाही, त्याआधीच्या शनिवारचं सांगते. तिथे होते त्यांनी खाली बघू नका. मीही बघत नाहीये.

या वर्षी काय चाललंय ते तुम्हाला मी सांगायला नको. हायवेच्या कडेच्या त्या मोठमोठ्या टेलिफोनच्या कंपन्या, आपली निम्मी मुलं तिथेच. दर शुक्रवारी कुणीतरी डेस्कवरचं सामान खोक्यात भरून घरी येतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बॅगा भरा. आता केदारची गेली. केदार नागपूरचा, माझ्या नितीनचा पहिल्या दिवसापासूनचा मित्र. खेळतात मात्र समोरासमोर. तीन वर्षं दर रविवारी माझ्याकडे जेवलाय. येत्या रविवारी त्याचं विमान आहे.

तर शनिवारी नितीन बॉल घेऊन पळत होता आणि केदार मागे. नितीन शेवटच्या रेघेपलीकडे गेला. टचडाउन. मग मागे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "धाव की, केदार, धाव! तुला प्रॅक्टिस हवीच आहे. विमान पकडायचंय ना!"

मैदानावर कुणी हसलं नाही. केदार जागच्या जागी थांबला, खाली बसला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती.

हसलं एकच माणूस. मी. कडेला खुर्चीत बसून मी मोठ्याने हसले.

काकांनी फ्लॅग मारला. सगळे त्यांच्याभोवती जमले. किती यार्ड? वाढायला कोण? काका म्हणाले, "हे यार्डांत बसत नाही. हे पंगतीतही बसत नाही. मॅच बंद. मी विचार करून सांगतो." आणि शिट्टी खिशात टाकून चालत निघाले. शुभांगी गाडी घेऊन मागे गेली तेव्हा सिग्नलपर्यंत पोचले होते. त्या दिवशी डबे तसेच परत आले. त्या दिवसापासून नितीन आणि केदार एकमेकांशी बोलले नाहीत. आत्ताही बघा, एक त्या भिंतीला, एक या भिंतीला.

सोमवारी काका माझ्याकडे आले. स्टुलावर बसले. मी आधीच सुरू केलं, "काका, पोरगा आहे, बोलून गेला, सोडून द्या."

काका म्हणाले, "कुसुम, तू का हसलीस?"

मी म्हटलं, "हसू आलं म्हणून हसले."

"नाही. त्याचं वाक्य संपायच्या आधी हसलीस तू. मी पंच आहे. मी बॉल बघत नाही."

मी पोळी लाटत राहिले. ती पोळी फाटली. एवढ्या वर्षांत माझी पोळी फाटत नाही.

मग सांगितलं त्यांना. आज तुम्हाला सांगते. केदार, तुला सांगते. ते वाक्य नितीनचं नव्हतं. ते माझं होतं. आदल्या गुरुवारी, पोळ्या करता करता मीच म्हटलं होतं, "केदारला आता धावायची प्रॅक्टिस लागेल, बॅगा घेऊन विमान पकडायचंय." घरात तिघंच होतो, हे हसले, नितीन हसला. मला वाटलं, छान बोलले. मला नेहमीच वाटतं मी छान बोलते. वाईट हेतू नव्हता म्हणणार होते, पण लिहिताना खोडलं. हेतू कसला? तोंडात आलं, बाहेर टाकलं. तुझ्या पोटात काय होतंय याचा विचारच केला नाही. ज्या मुलाला तीन वर्षं वाढलं, त्याचा.

थांब केदार, मान हलवू नकोस. अजून संपलं नाही माझं.

काका म्हणाले, "म्हणजे मी फ्लॅग अर्ध्याच माणसाला मारला. वाक्य तुझं, पण मैदानात नेलं त्याने. दोघांना वेगवेगळी पेनल्टी. तुझी त्याला नाही, त्याची तुला नाही."

मी म्हटलं, "माझी पण त्यालाच लावा ना, तरुण आहे." काका हसले. पण ऐकलं नाही.

नितीन, तुझी पेनल्टी त्यांनी मला तेव्हाच सांगितली होती. शनिवारी स्वतः सांगणार होते, मला तोंड उघडायला बंदी होती. आता मीच सांगते. रविवारी केदारला विमानतळावर तू सोडायचंस. त्याच्या बॅगा तिसऱ्या मजल्यावरून तू उतरवायच्यास. आणि गाडीत रेडिओ बंद. पूर्ण रस्ता. मी काकांना म्हटलं, "हे काय, दोघं घुम्यासारखे बसतील." काका म्हणाले, "बसू देत. रविवारचं ट्रॅफिक आणि रेडिओ बंद. किती वेळ बसतील?"

मग मी विचारलं, "आणि माझी?"

काका म्हणाले, "तुझी अवघड आहे. तुझी शनिवारी सांगतो."

बुधवारी दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. शुभांगी, तू मला फोन केलास, तेव्हा मी काय म्हटलं आठवतंय? मी म्हटलं, "असे कसे गेले? मला सांगायचं राहिलंय त्यांचं." तुला वाटलं असेल ही बाई काय बडबडते. मी हेच बडबडत होते.

चार दिवस मी त्यांच्यासारखा विचार करून बघतेय. सोपं नाही हो ते. आपल्याला वाटायचं म्हातारा उगाच नखरे करतो. करून बघा. आधी वाटलं, केदारच्या टीमला वाढावं. पण मी दर शनिवारी वाढतेच, त्यात शिक्षा कसली? मग वाटलं, एक महिना पोळ्या बंद. तर आमचे हे म्हणाले, "म्हणजे चूक तुझी आणि उपास मंडळाचा? हे तर पुन्हा पंधरा यार्डच झाले." बरोबर बोलले. कधी नव्हे ते. मग वाटलं, केदारलाच विचारावं, तू ठरव. पण काका ते कधी करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, ज्याला लागलंय त्याला शिक्षा ठरवायला लावली तर तो एकतर फार कमी सांगतो नाहीतर फार जास्त, आणि दोन्हीचं ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर. केदार तर कमीच सांगेल. "जाऊ द्या ना, मावशी" म्हणेल. बघा, ओठ हलले त्याचे.

जाऊ द्यायचं नाही.

काल सकाळी सुचलं. माणसाला कुठे लागतं ते बघायचं, एवढंच ना? मला कुठे लागतं ते या हॉलमधल्या लहान पोरालाही विचारा.

तर ऐका. येत्या शनिवारी मॅच होणार. केदारची शेवटची आहे, रद्द करायची नाही. शिट्टी जोशी मारतील. त्यांना सगळे नियम माहीत आहेत, सगळे मोडून झालेत. मी कडेला माझ्या खुर्चीत बसणार आणि सुरुवातीपासून पंगत उठेपर्यंत एक शब्द बोलणार नाही. "मीठ द्या" सुद्धा नाही. नितीनने बॉल सोडला तरी नाही. वानखेडे माझ्यासमोर येऊन नाचले तरी नाही. वानखेडे, नाचू नका, मी नंतर बघून घेईन. नाही, हे पण नको. नंतरही नाही.

हसताय तुम्ही. हसा. पण मला आत्ताच घाम फुटलाय.

केदार, मला तुझी माफी हवी म्हणून हे करत नाहीये. माफी द्यायची की नाही ते तुझं तुझ्याजवळ. मी चुकले, तेही तीन वर्षं माझ्या हातचं जेवणाऱ्या मुलाबद्दल, आणि वर हसलेही. तू नागपूरला गेलास आणि तुला प्लेनो आठवलं, तर त्यात ते वाक्य असणार. ते मी पुसू शकत नाही. पण त्याच्या शेजारी हेही असू दे, की ही बाई एक दिवस गप्प बसली होती.

झालं माझं. फुगेवाले दारातून डोकावतायत. त्यांना सांगा, दोन मिनिटं.

उठा सगळे. शुभांगी, तू बसून राहा, चालेल. मधुकाका, तुमच्यासारखा पंच आम्हाला परत मिळणार नाही, आणि आमच्यासारखे खेळाडू तुम्हाला वरही मिळायचे नाहीत, म्हणजे आता जरा आराम करा. माझा नमस्कार घ्या.

आता शांतता. तुम्ही काकांसाठी पाळा. माझी शनिवारी सुरू होणार होती, पण मला कळतंय की मी तोवर पळवाट शोधेन, म्हणून आत्ताच सुरू करते. केदार, घड्याळ तुझ्याकडे. बाकीच्यांची दोन मिनिटांत संपेल. माझी शिक्षा मी ठरवली, ती कधी संपवायची एवढंच तू सांग. तू सांगेपर्यंत मी बोलत नाही.